समाजशास्त्र ‘इस्लामी’ असू शकतं का?

कोरीपाटी:
१९७७ साली मक्केत मुस्लिम शिक्षणावर जागतिक परिषद भरली, तेव्हापासून हा वाद धुमसतोय. पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत इस्माईल राजी अल-फारुकींचं म्हणणं असं, की आजची समाजशास्त्रं युरोपच्या अनुभवातून घडली, त्यांत ईश्वराला जागाच नाही. तेव्हा ज्ञानाचं ‘इस्लामीकरण’ करा. १९८१मध्ये अमेरिकेत त्यासाठी संस्था निघाली, बारा पायऱ्यांचा आराखडाही आला. मला हे पटत नाही. पाठ्यपुस्तकाला कुराणातल्या आयतांचं अस्तर लावून शास्त्र बदलत नाही. घटस्फोट का होतात, माणसं गाव का सोडतात, हे शोधायची रीत शोधणाऱ्याच्या श्रद्धेवर कशी ठरेल?

बोरूबहाद्दर:
अस्तर म्हणून झटकून टाकू नका. त्या आराखड्याची पहिली पायरीच मुळी ‘आधुनिक शास्त्र नीट आत्मसात करा’ ही आहे. आणि मोजण्याआधी काय मोजायचं हे कुणीतरी ठरवतंच ना? मलेशियाचे समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७मध्येच दाखवून दिलं, की मलय माणूस गोऱ्यांच्या मळ्यांत आणि खाणींत राबायला तयार नव्हता, म्हणून तो ‘आळशी’ ठरला. स्वतःच्या भातशेतीत, मासेमारीत तो घाम गाळत होता, तो हिशेबात धरलाच नाही. ही कसली तटस्थ रीत?

कोरीपाटी:
अहो, हे तर तुम्ही माझ्याच पारड्यात टाकलंत! अलातासांनी ती थाप उघडी पाडली ती इतिहासाच्या पुराव्यांनी, धर्मग्रंथाने नव्हे. उसन्या विचारांत अडकलेल्या मनावर त्यांनी टीका केली, पण औषध म्हणून मागितली ती स्वतंत्र बुद्धी. ज्ञानाच्या इस्लामीकरणाची मांडणी करणारे नकीब अल-अत्तास हे त्यांचे सख्खे भाऊ. (आडनावाचं स्पेलिंगही दोघांनी वेगळं ठेवलं, हे मला फार आवडतं.)

वाळूचं घड्याळ:
मध्ये तोंड घालतो. चौदाव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न खल्दून, त्याच्याशिवाय ही चर्चा कशी चाललीय? मूसाच्या, म्हणजे मोझेसच्या, सैन्यात सहा लाख माणसं होती, असं अल-मसूदी या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलेलं. १३७७च्या आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात खल्दून विचारतो, एवढं सैन्य पोसणार कोण, आणि रणांगणावर एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला कळणार कशी? म्हणजे नुसता सांगणारा विश्वासू असून भागत नाही, सांगितलेलं मुळात घडू शकतं का, हे समाजाच्या चालीवरून पाहायचं. हा माणूस पुढे कैरोत मालिकी पंथाचा काझी, म्हणजे धार्मिक न्यायाधीश, झाला! त्याला आपल्या शास्त्राला ‘इस्लामी’ अशी पाटी लावावीशी वाटली नाही.

बोरूबहाद्दर:
पाटी लावली नाही, कारण गरजच नव्हती. तो त्याच हवेत श्वास घेत होता. धर्माने असबिय्या, म्हणजे टोळीची एकजूट, बळावते असं तो म्हणतो. धर्माला केवळ भ्रम मानणाऱ्याला हे दिसलं असतं?

वाळूचं घड्याळ:
त्याचं पुढचं वाक्यही घ्या की. असबिय्या नसेल तर धर्माची हाकही तडीस जात नाही, हेही तोच म्हणतो. हे वाक्य मशिदीत वाचा नाहीतर वर्गात, दोन्हीकडे कुणीतरी खुर्चीत चुळबुळ करणार.

कोरीपाटी:
मशिदीत खुर्ची कुठून आली ते सोडा, पण मुद्दा मान्य. मग बोरूबहाद्दर, एवढंच सांगा: ‘इस्लामी’ समाजशास्त्राचा एखादा निष्कर्ष पाहणीत खोटा निघाला, तर बदलायचं काय, निष्कर्ष की पाहणी?

बोरूबहाद्दर:
निष्कर्ष. तो माणसाने काढलेला असतो, ईश्वरी संदेश म्हणून उतरलेला नव्हे. पण हाच प्रश्न बाजारालाच माणसाचा स्वभाव समजणाऱ्या अर्थतज्ज्ञांनाही विचारा. तिथे तुमची पाटी इतकी कोरी कशी राहते?