मदत हवी आहे : कॉलेजच्या सर-मॅडम आणि कर्मचाऱ्यांसाठी काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहोत. पेपर संपले की सगळे आपापल्या गावी पांगतील, त्याआधी सर-मॅडमचे आणि कर्मचाऱ्यांचे आभार मानायचे आहेत.

प्राध्यापकांना निदान ५ सप्टेंबरला गुलाब तरी मिळतो. लॅब असिस्टंट काका, ग्रंथालयातल्या ताई, ऑफिसातले क्लार्क, शिपाई मामा यांच्या वाट्याला काही येत नाही. परीक्षेचा फॉर्म अडकला की मात्र आधी त्यांचीच आठवण होते! त्यामुळे भेट सगळ्यांना सारखीच द्यायची, यावर आमचं एकमत आहे.

शाल-श्रीफळ नको. प्रत्येकाच्या कपाटात शालींची चळत असणारच. येवल्याच्या पैठणीच्या कापडाची पाकिटं सुचली होती, पण बजेट माणशी दोन-अडीचशेच आहे. मग भांडी बाजारातून तांब्याचं छोटं फुलपात्र घेऊन त्यावर नाव घालून द्यावं असं वाटतंय. पंचवीसेक नगांवर नाव घालून किती दिवसांत मिळेल? हाताने घालणारे कारागीर अजून आहेत का? मशीनचं नाव फार कोरडं दिसतं.

आणखी एक अडचण. काही सर भेटवस्तू घेतच नाहीत. त्यांना हाताने लिहिलेलं पत्र दिलं तर चालेल का? इथे कुणी प्राध्यापक असतील तर मोकळेपणाने सांगा. पेपर तपासणी सुरू झाल्यावर सगळे एका दिवशी सापडणं कठीण, म्हणून कार्यक्रम शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशीच उरकावा का, तेही कळवा.