मदत हवी आहे: डोकेदुखीसाठी मसाज, नाशिकमध्ये कुठे?

द्राक्षवेल
दिवाळीपासून डोकं दुखतंय. दुपार कलली की कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं, मानही धरते. डॉक्टर म्हणाले टेन्शन हेडेक, घाबरायचं कारण नाही. मला मसाज करून बघायचाय. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे कोणी माहितीतलं? बाईच हवी. लवकर सांगा, आत्ताही दुखतंय.

गोदाकाठ
एका बाजूला की दोन्ही? ठणकतं का? मळमळ, उजेडाचा त्रास? काम काय करता? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

सातपूरकर
कुठल्याही चांगल्या सलूनमध्ये चंपी करून घ्या. शेवटी मान कटकन मोडून देतात ना, डोकं एकदम हलकं. शिफ्ट सुटली की मी तिथेच जातो.

फिजिओ_ना_रोड
सातपूरकर, कृपा करून हे कुणाला सुचवू नका. झटक्याने मान मोडताना मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून चीर पडू शकते, त्यातून लकवा झालेले रुग्ण आहेत. क्वचित होतं, पण होतं.
ताई, कवटीच्या खालच्या कडेला, मान सुरू होते तिथे छोटे स्नायू असतात. मान पुढे काढून बसलं की ते आखडतात आणि दुखणं कपाळापर्यंत येतं. तिथे बोटांच्या टोकांनी हळूहळू दाब द्या, अर्धा मिनिट धरा, सोडा. मग खांद्याचा वरचा भाग चिमटीत धरून दाबा, शेवटी कानशिलं. घरी कोणी नसेल तर टेनिसचे दोन चेंडू मोज्यात घालून गाठ मारा आणि उताणं पडून त्या कडेखाली ठेवा.

सातपूरकर
वर्षानुवर्षं मोडून घेतोय, काही झालं नाही. उगाच भीती घालू नका.

माईंची_फोडणी
खोबरेलात मेथ्या आणि कढीपत्ता उकळून कोमट लावा. माझ्या सुनेचे केस गळायचे थांबले.

पंचवटीकर
गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालयात शिरोधारेची (कपाळावर तेलाची धार धरतात ती) चौकशी करा. आणि कॉलेज रोडला संध्याकाळी जाणार असाल तर रिक्षाने जा, गाडी लावायला जागा मिळत नाही.

द्राक्षवेल
माई, केस गळत नाहीत हो! दोन्ही बाजूंनी दुखतं, मळमळ नाही. बँकेत आहे, दिवसभर कॉम्प्युटर. गोळी घेतली की थांबतं, दुसऱ्या दिवशी परत.

गोदाकाठ
कुठली गोळी? महिन्यातून किती दिवस?

द्राक्षवेल
पॅरासिटामॉल, कधी आयब्युप्रोफेन. जवळजवळ रोज एक. साधीच आहे की.

फिजिओ_ना_रोड
मसाजाआधी हे बघा. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ३ महिन्यांच्या वर चालली की तिच्यामुळेच डोकेदुखी मागे लागू शकते. मग मसाजाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तुमच्या डॉक्टरांना हे माहीत आहे का? गोळी थांबवल्यावर आधी काही दिवस दुखणं वाढतं, म्हणून त्यांना विचारूनच थांबवा. त्या दिवसांत मानेच्या मसाजाचा आधार होईल.
आणि कधी एकाएकी भयंकर दुखलं, ताप येऊन मान ताठरली, हातातलं बळ गेलं किंवा बोलणं अडखळलं, तर थेट हॉस्पिटल.

द्राक्षवेल
गोळ्यांचं त्यांनी विचारलं नव्हतं. उद्याच जाते. पण बाई फिजिओ कोण ते राहिलंच की!

गोदाकाठ
गंगापूर रोडला एक आहेत, माझ्या बहिणीची मान त्यांनीच सोडवली. नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय. पहिल्या दिवशी जोर कमी लावा म्हणून आधीच सांगा, त्यांचा हात जड आहे.