आरमारी सरदाराचं तैलचित्र: रेनॉल्ड्सची भव्य शैली कशी उतरवायची?

खाडीकाठ, रत्नागिरी
गावच्या वाचनालयासाठी मराठा आरमारातल्या एका सरदाराचं तैलचित्र करायचं आहे. त्यांचं समकालीन चित्र मिळत नाही, म्हणून घराण्यातले पंचावन्न वर्षांचे वंशज मॉडेल म्हणून उभे राहतील. नमुना डोळ्यांसमोर आहे तो अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स याने केलेल्या आरमारी कप्तान केपेलच्या चित्राचा (१७५२–५३): खवळलेला किनारा, पुढे टाकलेलं पाऊल. कॅनव्हास ५० × ४० इंच. कच्च्या चित्रात सुरकुत्या पुसल्या की साम्य जातं, आणि उंचीसाठी पाय लांबवले की आकृती बाहुलीसारखी दिसते. शिवाय जुन्या इंग्लिश चित्रांतला खोल तपकिरी अंधार आणायला बिट्युमेन (डांबरापासूनचा तपकिरी रंग) वापरावं का?

जुना कुंचला, सावंतवाडी
आधी माप बघा. केपेलचं चित्र साधारण ९४ × ५८ इंचांचं आहे. पूर्ण उभ्या आकृतीसाठी तिथे हेच माप ठरलेलं होतं. ५० × ४० ला ते ‘हाफ-लेंग्थ’ म्हणत आणि आकृती मांडीच्या आसपास कापत. याच कॅनव्हासवर पावलं दाखवायला गेलात तर डोकं जेमतेम पाच-साडेपाच इंचांचं उरेल. डोकं आठ इंच ठेवा, पावलांचा मोह सोडा.

उंची मिळते ती नजरेच्या पातळीमुळे. रेनॉल्ड्सकडे समोर बसणाऱ्याची खुर्ची जमिनीपासून दीड फूट उंच असे आणि तो स्वतः उभ्याने रंगवी. वंशजांना दीड फुटी चौथऱ्यावर उभं करा. तुम्ही जमिनीवर उभे राहिलात की तुमची नजर त्यांच्या कमरेच्या जरा वर येते. समुद्राचं क्षितिज तिथेच आखा. अवयव न ताणता माणूस उंच दिसतो.

आता चेहरा. लंडनच्या रॉयल अकॅडमीतल्या १७७१ च्या चौथ्या व्याख्यानात रेनॉल्ड्सने मांडलंय की साम्य आणि डौल प्रत्येक अवयवाच्या तंतोतंत नकलेपेक्षा एकूण ठेवणीत जास्त असतो. म्हणजे डोळे किलकिले करून चेहरा आधी तीनच छटांत बसवायचा: उजेड, मधली, सावली. केसांची रेषा, भुवई, नाकाचा शेंडा, हनुवटी यांमधली अंतरं, पापणीचा उतार आणि नाकाखालच्या सावलीचा आकार यांना हात लावायचा नाही. तुमचं साम्य बहुधा इथे हरवतं: सुरकुती पुसताना गालाच्या हाडाची आणि जबड्याची कडाही पुसली जाते. डोळ्यांखालची वळी रेघ म्हणून काढू नका, छटेतला हलका बदल म्हणून ठेवा आणि फक्त तिची कडा कोरड्या ब्रशने मऊ करा.

उजेड वरून हवा. त्याच्या स्टुडिओच्या खिडकीची चौकट जमिनीपासून नऊ फुटांवर होती. आपल्याकडे पडवीतून येणारा उजेड खालचा, त्याने हनुवटीखालची सावली नाहीशी होते आणि चेहरा सपाट पडतो. उत्तरेकडच्या पाखीत दोन-तीन काचेची कौलं बसवा, खाली मांजरपाट ताणा.

तैलरंग, अलिबाग
बिट्युमेन अजिबात नको. ते कधीच पुरतं वाळत नाही. वरचा थर आधी वाळतो, खालचा सरकत राहतो आणि मगरीच्या कातड्यासारख्या रुंद भेगा पडतात. रेनॉल्ड्सची कितीतरी चित्रं अशीच फाटली. आपल्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर होईल. त्याच्या कारमाइन या लाल रंगाचाही घोटाळाच: लाली त्याच्या हयातीतच उडाली आणि चेहरे पांढुरके पडले. अंधारासाठी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळा, गालाच्या लालीला क्विनाक्रिडोन हा टिकाऊ लाल रंग घ्या. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल हळूहळू वाढवत न्या. उलट केलंत तर भेगा ठरलेल्या.

आणि व्हार्निश पावसाळ्यात लावू नका, दमट हवेत त्यावर निळसर-पांढरा धूसर थर धरतो. चित्र पुरं झाल्यावर निदान सहा महिने थांबून डिसेंबर-जानेवारीतला कोरडा दिवस निवडा. जांभ्याची भिंत ओल धरते, म्हणून चौकटीमागे चारही कोपऱ्यांना इंचभर जाडीची बुचं लावा, नाहीतर मागून बुरशी चढेल.

बाणकोट
पोशाखाबद्दल. १७७६ च्या सातव्या व्याख्यानात रेनॉल्ड्सचा मार्ग असा: भारदस्तपणासाठी थोडा प्राचीन पेहराव, ओळखीसाठी थोडा आजचा. तुम्हाला रोमन झग्याची गरज नाही. पागोटं आणि अंगरखा तपशिलात नेमके ठेवा, शेला मात्र मोठ्या, मोजक्या चुण्यांत सोडा. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं १७९२ चं चित्र केलं ते जरूर बघा. नानांचं मूळ गाव आपलं वेळास, आणि वेल्स १७९५ मध्ये ठाण्याला वारला. फक्त तो दरबारी थाट आहे, दर्यावर्दी माणसाला तसाच्या तसा चढवू नका.

खाडीकाठ, रत्नागिरी
चौथरा आणि काचेची कौलं जमतील. मागे जलदुर्ग दाखवावा की नुसता समुद्र?

जुना कुंचला, सावंतवाडी
दुर्ग दाखवा, पण क्षितिजावर अंगठ्याएवढा आणि करड्या छटेत. उजेडाकडचा खांदा गडद ढगावर येऊ द्या, सावलीकडचा फिकट आकाशावर. पाणी आषाढातलं, मातकट हिरवं. मे महिन्याचा निळा समुद्र काढलात तर वाऱ्याने उडणारा शेला खोटा वाटेल.