चिंचवड ते गिरगाव: कमी टोल, कमी ट्रॅफिकचा रस्ता सुचवा

चिंचवडकर: येत्या शनिवारी आजीला (वय 84) घेऊन गिरगावात मामेबहिणीच्या साखरपुड्याला जायचंय. 12 च्या आत पोचायचं. गाडी जुनी वॅगन-आर, सीएनजी. एक्स्प्रेसवेचे 320 धरून जातानाचा टोल 350 च्या आत बसवायचाय. चेंबूरच्या पुढे मी कधी गाडी नेलेली नाही. कुठून शिरू?

उलवेकर: अटल सेतू, दुसरा विचारच नको. गेल्या महिन्यात मी वीस मिनिटांत शिवडीला उतरलो. सिग्नल नाही, खड्डा नाही. 250 रुपये वसूल.

चिंचवडकर: 320 आणि 250 म्हणजे 570 झाले. बजेट वर लिहिलंय.

उलवेकर: आजींच्या कमरेपुढे 250 रुपये काय हो!

पनवेल_जुने: गव्हाणला न चढता उलव्यातल्या शिवाजीनगरहून चढा, 200 लागतात. तरी बजेटबाहेरच, पण सांगून ठेवतो.

विजेची_गाडी: ऑगस्ट 2025 पासून इलेक्ट्रिक कारला अटल सेतूवर टोल माफ आहे. दर आठवड्याला जातो-येतो, फास्टॅगमधून एक रुपया जात नाही. सीएनजीच्या रांगेत उभं राहणं तर विसरूनच गेलो.

चिंचवडकर: शनिवारपर्यंत गाडी बदलणं जमणार नाही.

देहूरोड_७२: वार्षिक फास्टॅग पास काढा. 200 फेऱ्या, वर्षभर चिंता नाही.

पनवेल_जुने: तो फक्त राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नाक्यांवर चालतो. एक्स्प्रेसवेवर नाही, अटल सेतूवरही नाही. चुकीची माहिती देऊ नका, कुणीतरी खरंच काढून बसेल.

देहूरोड_७२: मला नाशिकला जाताना चालला.

पनवेल_जुने: चालणारच. इथे प्रश्न मुंबई-पुण्याचा आहे.

त्रस्त_वाहनचालक: कुठूनही जा, वाशीला टोल कापणारच. माझे एकदा दोनदा कापले, बँकेने चार महिने दाद दिली नाही. शेवटी टॅगच बदलला.

माझगावकर: वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर, या पाचही नाक्यांवर ऑक्टोबर 2024 पासून हलक्या वाहनांना टोल नाही. तुमचा अनुभव त्याआधीचा असणार.

आता मूळ प्रश्न. मी आठ वर्षं कळंबोलीहून माझगावला कामाला जात होतो. कळंबोलीला उतरलात की सायन-पनवेल रस्ता धरा. तुर्भ्याला गर्दी दिसली तर बेलापूरहूनच पामबीच रोडला लागा, वाशीला पुन्हा हायवेला येता. खाडीपूल ओलांडला की सायनकडे जाऊ नका. मानखुर्दला घाटकोपर लिंक रोडकडे वळून ईस्टर्न फ्रीवेवर चढा. त्यालाही टोल नाही. फ्रीवे पी. डी'मेलो रोडला उतरतो. ऑरेंज गेटपाशी बोगद्याचं काम चालू आहे, तिथे दहा-पंधरा मिनिटं जादा धरा. कर्नाक पूल पाडून नवा झालाय, जुलै 2025 पासून सुरू आहे, नाव सिंदूर पूल. तो ओलांडून क्रॉफर्ड मार्केट, धोबीतलाव, मग गिरगाव. अख्ख्या प्रवासात 320 च.

वरळी_सीफेस: त्यापेक्षा सायनहून बीकेसी, सी लिंक, कोस्टल रोड. मरीन ड्राइव्हला समुद्र बघत उतराल. आम्ही पाहुण्यांना असंच आणतो.

माझगावकर: सी लिंकचे 100 वेगळे, शिवाय पूर्वेकडून येणाऱ्याला उगाच पश्चिमेचा वळसा.

वरळी_सीफेस: कोस्टल रोडला टोल नाही.

माझगावकर: सी लिंकला आहे ना.

घाटवाट: एक्स्प्रेसवे कशाला? जुन्या हायवेने जा, टोलच नाही.

तळेगावची_सून: सोमाटण्याला आणि वरसोलीला काय फुलं वाहतात का? दोन्हीकडे टोल आहे, आम्ही भरतो. पण एक सांगते, शनिवारी सकाळी बोरघाटात कोंडी होते ती मुंबईहून वर येणाऱ्यांची. तुम्ही उलट दिशेला आहात. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणारी बाजू भरते. रविवारी परत आलात तरी तुम्ही उलट दिशेलाच, सुखात याल.

देहूरोड_७२: अटल सेतूच बरा. फूड मॉलचा वडा मात्र खाऊ नका, महाग आणि गार.

उलवेकर: मी पहिल्यांदा तेच सांगितलं. (सेतूचं. वड्याचं नाही.)

चिंचवडकर: सगळ्यांचे आभार. आजीला धागा वाचून दाखवला. तिने एकच विचारलं, "शिंगरोबा लागतो का वाटेत?" एक्स्प्रेसवेने लागत नाही. लग्न होऊन ती मुंबईला निघाली तेव्हा आजोबांनी घाटात गाडी थांबवून शिंगरोबाला नाणं वाहिलं होतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, त्याला ओलांडून जायचं नाही, असं तिचं म्हणणं. तेव्हा जुन्या हायवेनेच जातोय. साडेपाचला निघतो. खोपोलीत उतरून तिला चहा, मग पनवेलपासून माझगावकरांचा रस्ता.

माझगावकर: दोन तास जास्त धरा. मानखुर्दचं वळण सोडू नका.

चिंचवडकर: (शनिवार, रात्री 9:40) पावणेबाराला पोचलो. तुर्भ्याला अर्धा तास अडकलो, पामबीचचं वळण माझ्याकडून सुटलं. फ्रीवेवर मात्र गाडी कुठे थांबलीच नाही. शिंगरोबाला आजीने रुमालाच्या गाठीतून पाच रुपयांचं नाणं काढलं. एक माझ्यासाठीही आणलं होतं.