‘पोटनिवडणूक’, ‘पडसाद’ आणि कसब्याचा निकाल

शनिवार पेठेतील वाचक :

फोनमधील जुनी छायाचित्रे काढून टाकत असताना मार्च २०२३ मधील एक छायाचित्र सापडले. आमच्या जवळच्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे आणि त्यावर एक वयस्कर सभासद रोज एक ओळ लिहितात. त्या दिवशीची ओळ पुण्यातील कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाच्या निकालाविषयी होती : ‘कसब्याच्या पोट निवडणूकीचे पडसाद’. पांढऱ्या खडूने लिहिलेल्या या ओळीवर कोणीतरी पिवळ्या खडूने दोन दुरुस्त्या केल्या होत्या. ‘पोट’ आणि ‘निवडणूकीचे’ यांच्यामधील मोकळी जागा कंसाने जोडली होती आणि ‘णू’चा दीर्घ ऊकार खोडून ऱ्हस्व केला होता. दुसरी दुरुस्ती मला समजली, पहिलीही साधारण समजली. परंतु तेव्हापासून काही शंका मनात आहेत त्या येथे मांडतो.

एक म्हणजे, एखाद्या आमदाराच्या निधनामुळे वा राजीनाम्यामुळे होणाऱ्या निवडणुकीला आपण ‘पोट’ का लावतो? हिंदीत ‘उपचुनाव’ म्हणतात. आपल्याकडे उपमहापौर, उपसभापती, उपविभाग हे सगळे ‘उप’ असताना येथेच पोट कोठून आले? दुसरे, ज्या निकालाची कोणी अपेक्षा केली नव्हती अशा निकालाला चांगला मराठी शब्द कोणता? वाहिन्यांवर ‘उलटफेर’ ऐकू येतो, तो कानाला खटकतो. आणि तिसरे, अशा निकालाचे ‘पडसाद’ उमटतात की ‘परिणाम’ होतात? जाणकारांनी आपले मत द्यावे.

मुद्रितशोधक :

ऊकाराची गोष्ट आधी उरकतो. ‘निवडणूक’ या शब्दातील उपान्त्य ‘णू’ दीर्घ आहे, पण सामान्यरूप होताना तो ऱ्हस्व होतो. म्हणून निवडणुकीचे, निवडणुकीत, मिरवणुकीला, फसवणुकीचा. मी तीस वर्षे मुद्रिते तपासली आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दुरुस्त करावा लागलेला शब्द हाच. (निवडणूक, मिरवणूक आणि फसवणूक हे तिन्ही शब्द एकाच प्रत्ययाचे आहेत आणि निकालाच्या दिवशी तिन्ही एकाच पानावर येत असत, हा योगायोग समजावा.)

आता ‘पोट’. मराठीत ‘पोट’ पूर्वपद म्हणून लागले की त्याला दोन छटा येतात. एक छटा दुय्यमपणाची आहे, जशी ‘पोटजात’ किंवा ‘पोटभाडेकरू’ यांत जाणवते. दुसरी छटा मला अधिक महत्त्वाची वाटते, ती ‘आत सामावलेले’ अशी आहे. वाड्यातला पोटमाळा हा माळ्यापेक्षा हलक्या दर्जाचा म्हणून पोटमाळा नसतो, तर खोलीच्याच उंचीत, तिच्या पोटात काढलेला असतो. कायद्यातील पोटकलम हे कलमाच्या आतच असते. कलम रद्द झाले की पोटकलम वेगळे उभे राहू शकत नाही. पोटनिवडणुकीचे तसेच आहे. विधानसभेची ५ वर्षांची मुदत ही मूळ वस्तू, आणि तिच्या पोटात, मध्येच रिकामी झालेली एक जागा भरण्यापुरती ही निवडणूक. निवडून आलेल्याला नवी ५ वर्षे मिळत नाहीत, उरलेले महिने मिळतात. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर २ मार्च २०२३ रोजी कसब्यातून निवडून आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक निवडणुकीला सामोरे गेले. म्हणजे त्यांना आमदारकीचे जेमतेम वीस महिने मिळाले. ‘उप’ने हा अर्थ निघत नाही. उपमहापौर हा महापौराच्या पोटात नसतो, शेजारी असतो.

जोडून लिहिण्याविषयी : पिवळा खडू बरोबर आहे. सामासिक शब्द तोडला की ‘पोट निवडणूक’ वाचताना डोळ्यांसमोर पोटाचीच निवडणूक येते. आणि ज्यांनी भाजी निवडली आहे त्यांच्या डोळ्यांसमोर तर काहीही येऊ शकते.

भूमापक :

मुद्रितशोधकांना दुजोरा देण्यासाठी लिहितो. आमच्या खात्यात ‘पोटहिस्सा’ आणि ‘पोटखराबा’ हे रोजचे शब्द होते. गट मोठा, त्याच्या आत मोजून वेगळा केलेला भाग म्हणजे पोटहिस्सा. आणि त्याच गटाच्या क्षेत्रात असलेली पण लागवडीला निरुपयोगी अशी जमीन, म्हणजे ओढा, खडक, रस्ता, हा पोटखराबा. पोटहिश्श्यावरून भाऊबंदकीत जितके दावे चालतात तितके मूळ गटावरून चालत नाहीत. ‘पोट’ म्हणजे किरकोळ, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा मोजणीच्या दिवशी बांधावर येऊन उभे राहावे.

शनिवार पेठेतील वाचक :

दोघांचेही आभार. मग दुसऱ्या शंकेचे काय? ‘धक्कादायक निकाल’ हा शब्दप्रयोग इतका झिजला आहे की त्याने आता कोणालाच धक्का बसत नाही.

तालमीचा जुना सभासद :

आपण ‘धक्का’ टाकून देण्यापूर्वी त्याचे व्याकरण पाहावे अशी विनंती आहे. धक्का कोणाला तरी बसतो. ‘भाजपला धक्का’ असे चतुर्थीचे रूप दिल्याशिवाय तो शब्द पुरा होत नाही, आणि त्यामुळे लिहिणाऱ्याला हरलेल्याच्या बाजूने उभे राहून निकालाकडे पाहावे लागते. ‘उलटफेर’ला अशी कोणाची गरज लागत नाही, तो नुसता ‘झाला’ म्हणता येतो; वाहिन्यांना तो आवडण्याचे कारण मला हेच दिसते. तरीही तो हिंदीतून उचललेला शब्द आहे आणि आपल्याकडे ‘कलाटणी’, ‘उलथापालथ’, ‘डाव उलटणे’, ‘पारडे फिरणे’ असे कितीतरी पर्याय पडून आहेत. आमच्या कसब्या-शुक्रवारातील तालमींत ‘चितपट’ म्हणत, पण तो शब्द येथे चालणार नाही, कारण चितपट करणारा पैलवान दुबळाच असला पाहिजे अशी अट त्यात नाही. बलाढ्याला अनपेक्षितपणे पाडण्याची जी छटा आपल्याला हवी आहे, ती ‘डाव उलटणे’ यात आहे, कारण डाव ज्याने टाकला त्याच्यावरच तो उलटतो.

कसब्याला हे वर्णन नेमके लागू पडते. कसब्याच्या भाजप आमदार मुक्ता टिळक यांचे २२ डिसेंबर २०२२ रोजी निधन झाले. त्यानंतर भाजपची उमेदवारी टिळकांच्या घरात न देता हेमंत रासने यांना दिली गेली, आणि पेठांमधील ब्राह्मण मतदार नाराज असल्याची चर्चा मतदानापूर्वीच उघडपणे सुरू झाली. त्याच वेळी पलीकडे चिंचवडमध्ये लक्ष्मण जगताप यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना उमेदवारी मिळाली, राष्ट्रवादीचे नाना काटे आणि बंडखोर अपक्ष राहुल कलाटे यांच्यात विरोधी मते वाटली गेली, आणि ती जागा भाजपकडेच राहिली. कसब्यात मात्र लढत जवळजवळ सरळ झाली. सुमारे ५० टक्के मतदान झाले आणि धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी निवडून आले. एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात, दोन निकाल लागले. म्हणून केवळ ‘लाट’ म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. प्रचारात तत्कालीन पालकमंत्री चंद्रकांत पाटील यांचा ‘हू इज धंगेकर?’ हा प्रश्न गाजला होता, आणि निकालानंतर तोच प्रश्न विरोधकांनी घोषणेसारखा वापरला. डाव उलटला म्हणतात तो असा.

जाता जाता ‘बालेकिल्ला’ या शब्दाविषयी एक तक्रार नोंदवतो. १९९५ पासून गिरीश बापट यांनी सलग ५ वेळा आणि २०१९ मध्ये मुक्ता टिळक यांनी ही जागा जिंकली, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘२८ वर्षांचा बालेकिल्ला ढासळला’ असे वाचायला मिळाले. फारसीतील ‘बाला’ म्हणजे वरचा. बालेकिल्ला म्हणजे गडाचा सर्वांत उंच, शेवटपर्यंत झुंजवायचा भाग. राजगड पाहिलेल्यांना सांगायला नको : पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या पसरलेल्या, आणि मधोमध उंचावर बालेकिल्ला. माची गेली तरी बालेकिल्ला लढवता येतो, पण बालेकिल्ला पडला की गडच गेला. पुण्यात तसे काहीच झाले नाही. शहरातील इतर मतदारसंघ जसेच्या तसे राहिले. म्हणून ‘खिंडार पडले’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. भिंत उभी असते, तिला एक वाट पडलेली असते, आणि ती बुजवताही येते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ती बुजवली गेली : त्याच रासने यांनी त्याच धंगेकरांचा १९ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला.

मुद्रितशोधक :

‘खिंडार’ मान्य. ‘आघाडी’ या शब्दाने त्या दिवशी आमच्यासारख्यांची जी तारांबळ उडवली असेल ती वेगळीच. मतमोजणीत जो पुढे असतो त्याला ‘आघाडी’ मिळते, आणि जिंकणारा पक्ष महाविकास आघाडीत होता. ‘आघाडीच्या उमेदवाराची आघाडी कायम’ हे वाक्य शुद्ध आहे, अर्थपूर्ण आहे, आणि छापण्यासारखे मुळीच नाही. मोजणी संपल्यावर ‘मताधिक्य’ लिहावे, चालू असताना ‘पुढे’ लिहावे, एवढे पथ्य पाळले तरी पुरते.

आता ‘पडसाद’, ज्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. या शब्दातील ‘पड’चा पडण्याशी काही संबंध नाही. ते संस्कृत ‘प्रति’चे प्राकृतातून आलेले रूप आहे, प्रतिच्छायेची पडछाया झाली, प्रतिजिह्वेची पडजीभ झाली आणि प्रतिशब्दाचा पडसाद. ‘साद’ म्हणजेच ‘शब्द’. आपण ज्याला ‘प्रतिसाद’ म्हणतो तो याच दोन तुकड्यांचा नंतर जुळवलेला जोड आहे. पण मराठीने दोघांना वेगवेगळी कामे नेमून दिली आहेत. प्रतिसाद माणूस देतो आणि तो देण्यामागे त्याची इच्छा असते. पडसाद कडा देतो, आणि कड्याला इच्छा नसते. मतदारांनी मतपेटीतून जो दिला तो प्रतिसाद, आणि तो आवाज ज्या ज्या भिंतींवर आदळून परत आला ते पडसाद. ‘परिणाम’ हा तिसराच पदार्थ आहे : ज्याने वस्तूची स्थिती बदलते तो परिणाम.

या कसोटीवर कसबा घासून पाहा. परिणाम किती झाला? एक जागा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेली. ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावात शिंदे सरकारच्या बाजूने १६४ आणि विरोधात ९९ मते पडली होती. त्या गणितात एका आमदाराने काडीचाही फरक पडत नव्हता. पडसाद मात्र दूरवर गेले. तीन पक्ष एकत्र लढले तर पुण्याच्या पेठांतही जिंकता येते, असा महाविकास आघाडीचा हिशेब पक्का झाला. (चारच महिन्यांनी, २ जुलै २०२३ रोजी, अजित पवार सत्तेत गेले आणि त्या हिशेबाची वहीच फाटली.) नगरसेवकपदावरून आलेल्या धंगेकरांना काँग्रेसने २०२४ मध्ये थेट लोकसभेला उभे केले, तेथे मुरलीधर मोहोळ यांनी त्यांना सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरवले. २०२५ मध्ये ते शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. प्रत्येक फेरीत आवाज थोडा क्षीण होत गेला, आणि कड्यांतून फिरणाऱ्या आवाजाचेही तसेच होते.

सर्वांत मोठा पडसाद मी एका न झालेल्या पोटनिवडणुकीचा मानतो. कसब्यासाठी आजारपणातही प्रचाराला आलेल्या खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१ अ नुसार रिकामी जागा ६ महिन्यांत भरायची असते. उरलेली मुदत १ वर्षापेक्षा कमी असेल तर सूट आहे, पण येथे ती १ वर्षाहून अधिक होती. तरी पुण्याची जागा रिकामीच राहिली. निवडणूक आयोगाने इतर निवडणुकांच्या कामाचे कारण दिले, विरोधकांनी ‘कसब्याची धास्ती’ असे म्हटले. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कारण अमान्य करून पोटनिवडणूक घेण्यास सांगितले, आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुणेकरांना वर्षभराहून अधिक काळ लोकसभेत खासदार नव्हता. धास्तीचा आरोप खरा असेल तर हा पडसाद राहत नाही, परिणाम ठरतो. आणि आयोगाचे कारण खरे असेल तर त्याचा कसब्याशी संबंधच उरत नाही. म्हणून माझ्यासारखा माणूस ‘पडसाद’ लिहून हात झटकतो. या शब्दाची ती सोय आहे आणि तोच त्याचा दोषही आहे : कार्यकारण सिद्ध न करता ते सुचवता येते.

भूमापक :

एक छोटी भर. ‘मतदारांनी कौल दिला’ असे आपण सहज लिहितो. जुन्या दफ्तरांत कौल देत असे सरकार, आणि घेत असे रयत : उजाड गावी येऊन वस्ती करा, जमीन कसा, अमुक वर्षे सवलत मिळेल, असे अभयपत्र म्हणजे कौलनामा. आता रयत देते आणि सरकार घेते. शब्द तोच राहिला, देणारा हात तेवढा बदलला.

शनिवार पेठेतील वाचक :

सर्वांचा आभारी आहे. मुद्रितशोधकांचा प्रतिसाद वाचल्यावर (‘पडसाद’ म्हणण्याचे धाडस आता होत नाही) ते छायाचित्र पुन्हा मोठे करून पाहिले. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख आहे : ३ मार्च, म्हणजे निकालाचा दुसराच दिवस. ओळीतील शेवटच्या शब्दामागे ओल्या फडक्याने पुसल्याचा राखाडी पट्टा दिसतो आहे. त्या पट्ट्यातून ‘परि’ ही दोन अक्षरे अजून वाचता येतात.