मदत हवी आहे: बाबांचा घाम आणि बीपीचं मीठ

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याजवळ राहतो आणि घरचं कुळागर आहे. बाबा ६४ वर्षांचे, रोज सकाळी माडा-पोफळींना पाणी सोडायला जातात नि १० वाजता परत येतात तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, वाळला की त्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. त्यांचं म्हणणं घाम गेला की अंग हलकं होतं, झोपही बरी लागते, आणि ते मला पटतं, मी दिवसभर एसीत बसून संध्याकाळी जड होते ते बघतेच की. घामातून सगळी घाण निघून जाते असं मात्र मला वाटत नाही, ते काम लिव्हर-किडनीचं, घाम म्हणजे जवळजवळ ९९ टक्के पाणी आणि थोडं मीठ, शरीर थंड करायला.

पण मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, मग गारवाही मिळत नाही. गेल्या आठवड्यात बाबांना उठताना चक्कर आली, पायात गोळे आले. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, लघवी जास्त होणारी, आणि डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. आता पेजेत मीठ घालू की नको? कोकम सरबत मीठ न घालता पुरेल का? शनिवारी डॉक्टरांकडे नेणारच आहे, तोवर कुणाच्या घरी असं झालं असेल तर तुम्ही काय केलंत ते प्लीज सांगा, आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू तेही.