परिच्छेदाला इंडेंट द्यावा (पहिली ओळ थोडी आत घ्यावी) की मधे कोरी ओळ सोडावी?

अक्षरजुळणी: हल्ली कथा-कादंबऱ्यांतही दर परिच्छेदानंतर कोरी ओळ दिसते. माझा याला ठाम विरोध आहे. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या, 28 ओळींच्या पानावर संवादाचे 12 परिच्छेद आले, तर 11 ओळी कोऱ्या जातात. पानं वाढतात, शिवाय संवादाची लय तुटते. पहिली ओळ दीड एम आत घ्या. एम म्हणजे अक्षराच्या आकाराइतकी रुंदी, म्हणून 14 पॉइंटच्या अक्षराला 21 पॉइंट. वर्डमधला अर्ध्या इंचाचा टॅब, म्हणजे 36 पॉइंट, डेमीच्या ओळीला फार होतो. मथळ्याखालचा पहिला परिच्छेद मात्र आत घेऊ नका. तिथे परिच्छेद सुरू झालाय हे मथळाच सांगतो.

पडदा_वाचक: छापील कादंबरीपुरतं मान्य. पण मोबाइलवर लेख वाचणारा सतत पान सरकवत असतो, सोडलेली जागा त्याला पुन्हा सापडायला हवी. अरुंद पडद्यावर दीड एमचा इंडेंट सहज नजरेतून सुटतो, मोकळी जागा सुटत नाही. पूर्ण ओळही नको, अर्धी पुरे.

अक्षरजुळणी: लेखाला चालेल, कथेला नाही. कथेत कोरी ओळ प्रसंग बदलल्याची खूण असते. सगळीकडेच कोरी ओळ असेल तर वाचकाला प्रसंग बदललेला कळणार कसा?

पडदा_वाचक: तुमची ती खूण छापील पानावरही फसते. प्रसंग नेमका पानाच्या तळाशी संपला की कोरी ओळ दिसतच नाही. तिथे तीन फुल्याच हव्यात, आणि फुल्या असल्या की परिच्छेदांमधे जागा सोडायला हरकत उरत नाही.

मुद्रितशोधन: फुल्यांचं पटलं, पुढचं नाही. अर्ध्या ओळीच्या जागेने समोरासमोरच्या पानांवरच्या ओळी एका रेषेत राहत नाहीत. पातळ कागदावर मागच्या पानाच्या ओळी मधल्या जागेत उमटतात, आणि ते डोळ्यांना फार टोचतं.

दोघांनाही विनंती: लेखकांना आधी स्पेसबार सोडायला सांगा. पाच स्पेस मारून केलेला इंडेंट वेब पानावर एका स्पेसइतकाही उरत नाही. वर्डमधे पॅराग्राफच्या खिडकीत ‘स्पेशल’खाली ‘फर्स्ट लाइन’ निवडून माप द्यावं आणि ते स्टाइलमधे, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या मांडणीत, साठवावं. मग छपाईला इंडेंट आणि वेबला मोकळी जागा, हा बदल एकाच ठिकाणी होतो. कवितेला मात्र ‘हँगिंग’ घ्या: लांब ओळ मोडून खाली आली की तो मोडलेला भाग आत जायला हवा, नाहीतर वाचक त्याला कवितेची नवी ओळ समजतो.

पडदा_वाचक: स्टाइलचं शंभर टक्के मान्य. ईबुकात माप पॉइंटांत न देता एममधे द्या, कारण वाचक अक्षर मोठं करतो तेव्हा इंडेंटही वाढायला हवा. लेखांना मोकळी जागाच हवी, हे मत मात्र कायम.